मालट्रकचा हिशेब संगणकावर : एक गाडी, एक खाते

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी ही कापडाची गावे. येथे सूत येते ते ट्रकने आणि कापडाच्या गाठी बाहेर जातात त्याही ट्रकनेच. मागांच्या आधाराने वाहतुकीचा धंदा करणारी कित्येक घरे आमच्या समाजात आहेत. बाप ड्रायव्हर होता, त्याने एक जुनी गाडी घेतली, मुलांनी हप्त्यावर आणखी दोन उभ्या केल्या, असा हा धंदा वाढत जातो. गाड्या वाढतात, हिशेब मात्र वाढत नाही. तो मालकाच्या डोक्यात, ड्रायव्हरच्या खिशातील चिठ्ठ्यांत आणि पंपवाल्याच्या वहीत विखुरलेला राहतो.

दोन ते दहा गाड्या असलेल्या अशा वाहतूकदाराने संगणकावर हिशेब कसा मांडावा, याची माहिती प्रस्तुत लेखात आम्ही देत आहोत. आम्ही कापडाच्या व्यापारातील; ट्रकवाल्यांशी आमचा संबंध भाडे देणाऱ्याचा. परंतु माल कापड असो की गाडी लोखंडाची, नावे आणि जमा यांचा नियम दोन्हीकडे एकच आहे.

कायद्याने सूट दिली, मग वही कशाला?

वाहतूकदार बांधवांचा हा पहिला प्रश्न असतो, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. वर्षभरात कधीही दहापेक्षा अधिक मालगाड्या नसलेल्या मालकाला १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४४एई ने अंदाजी उत्पन्नावर कर भरण्याची सवलत दिली. गाडी आणि माल मिळून एकूण वजन १२,००० किलोपेक्षा अधिक असलेल्या अवजड गाडीमागे दर टनाला दरमहा १,००० रुपये, आणि त्याखालील गाडीमागे दरमहा ७,५०० रुपये उत्पन्न धरले जाते. म्हणजे २८ टनी गाडीचे महिन्याचे उत्पन्न २८,००० रुपये आणि वर्षाचे ३,३६,००० रुपये. नवा आयकर कायदा २०२५ साली मंजूर झाला व त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून विवरणपत्र भरताना आपल्या कर सल्लागाराला विचारून क्रमांक घालावा.

या सवलतीत वह्या ठेवण्याची सक्ती नाही. ‘सरकारच विचारत नाही, तर आपण का लिहायचे?’ असे पुष्कळ जण म्हणतात. त्याला आमची तीन उत्तरे आहेत.

पहिले असे की, गाडी महिनाभर गॅरेजमध्ये उभी राहिली तरी अंदाजी उत्पन्न टळत नाही. खरे उत्पन्न त्याहून कमी असेल तर कमी दाखविता येते, पण त्यासाठी वह्या ठेवाव्या लागतात आणि त्यांचे ऑडिट करून घ्यावे लागते. वही नसलेला मालक न झालेल्या कमाईवर कर भरतो.

दुसरे असे की, अंदाजी उत्पन्न ही कर भरण्याची सोय आहे, नफा मोजण्याचे माप नव्हे. तीनपैकी कोणती गाडी घर चालविते आणि कोणती दुसऱ्या दोघींची कमाई खाते, हे त्या आकड्यावरून कधीच कळत नाही.

तिसरे उत्तर आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कर खात्याने वही माफ केली, म्हणून हक्कदारांनी ती माफ केली असे होत नाही. ड्रायव्हर, क्लीनर, पंपवाला, टायरवाला, भागीदार भाऊ, घरातील विधवा आई, या सर्वांचा पैसा त्या गाडीच्या चाकांत अडकलेला असतो. कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, ही नमाज किंवा रोजाविषयी नसून उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे वाचकांना सांगावयास नकोच. लिहिणारा आणि साक्षीदार या दोहोंची तीत आज्ञा आहे. आज लिहिणारा संगणक असेल, एवढाच फरक.

सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?

बाजारात टॅली, बिझी, मार्ग अशी अनेक सॉफ्टवेअर आहेत. त्यांपैकी टॅलीचा इतिहास कापडवाल्यांनी ऐकण्याजोगा आहे. श्यामसुंदर गोयंका हे कारखान्यांना व कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवीत असत. आपल्या हिशेबाला बसेल असे सॉफ्टवेअर त्यांना मिळेना, तेव्हा त्यांनी गणिताचा पदवीधर असलेला आपला मुलगा भरत यास ते तयार करावयास सांगितले. १९८६ साली बंगळूर येथे प्युट्रॉनिक्स या नावाने ही कंपनी सुरू झाली. खात्याला सांकेतिक क्रमांक न देता सरळ नावाने नोंद करता येणे, ही तिची सुरुवातीपासूनची खूण होय. त्यामुळे मुनीमाची वही वाचू शकणारा माणूस टॅलीही थोड्या दिवसांत वाचू शकतो.

आमचा सल्ला एवढाच की, आपला लेखापाल जे सॉफ्टवेअर वापरतो तेच घ्यावे आणि परवान्याची अस्सल प्रत घ्यावी. फुकट मिळालेल्या चोरट्या प्रतीवर हक्क-हलालीचा हिशेब लिहिणे शोभत नाही, आणि ती प्रत बंद पडली तर वर्षाची मेहनत जाते. पुढील पायऱ्या टॅलीतील नावांनी दिल्या आहेत. इतर सॉफ्टवेअरमध्येही हीच रचना थोड्या वेगळ्या नावांनी सापडेल.

संगणक उघडण्यापूर्वी

पहिली तयारी कागदावर होते. एक तारीख ठरवावी. १ एप्रिल उत्तम, नाहीतर कोणत्याही महिन्याची पहिली. त्या तारखेची पुढील यादी करावी.

१. प्रत्येक गाडीचा क्रमांक, खरेदीची किंमत, आजपर्यंतचा घसारा आणि शिल्लक कर्ज.

२. रोकड, बँकेतील शिल्लक आणि प्रत्येक गाडीच्या फास्टॅगमधील शिल्लक.

३. ज्यांच्याकडून भाडे येणे आहे त्या पार्ट्या, बिल क्रमांक व तारखेसह.

४. ज्यांचे देणे आहे ते पंपवाले, टायरवाले, स्पेअर पार्टवाले, गॅरेजवाले.

५. प्रत्येक ड्रायव्हरकडे असलेली उचल आणि त्याचा थकलेला पगार.

६. नातेवाइकांकडून घेतलेली हातउसनी रक्कम आणि प्रत्येक भागीदाराचे भांडवल.

या यादीवर समोरच्या माणसाची सही किंवा निदान मोबाईलवर लेखी होकार घ्यावा. मोठ्या पार्टीला चार ओळींचे पत्र पाठवून ‘आमच्या वहीत आपल्याकडे इतके येणे आहे, बरोबर असल्यास कळवावे’ असे विचारावे. सुरुवातीची शिल्लक जर चुकीची पडली तर पुढचा सारा हिशेब बिनचूक असूनही चुकीचाच राहतो.

खाती कशी उघडावी?

टॅलीत कंपनी तयार करताना आर्थिक वर्ष १ एप्रिलपासून घालावे. धंद्याचे बँक खाते घरापासून वेगळे असावे. घरखर्चाला काढलेली रक्कम ड्रॉइंग्ज या खात्यात टाकावी. मुलीचे लग्न आणि गाडीचे इंजिनकाम एकाच खर्चात लिहिले की नफा शोधणे व्यर्थ आहे.

गाड्या फिक्स्ड ॲसेट्स या गटात, दर गाडीचे वेगळे खाते. भाडे देणाऱ्या पार्ट्या सन्ड्री डेटर्समध्ये, पंपवाले व टायरवाले सन्ड्री क्रेडिटर्समध्ये. वाहन कर्ज सिक्युअर्ड लोन्समध्ये. डिझेल, टोल, खुराकी, हमाली, दलाली, दुरुस्ती, टायर ही डायरेक्ट एक्स्पेन्सेसमध्ये. कार्यालयाचे भाडे, फोन, लेखापालाची फी ही इनडायरेक्ट एक्स्पेन्सेसमध्ये. भाड्याचे उत्पन्न डायरेक्ट इन्कम्समध्ये. सुरुवातीला वीस-पंचवीस खाती पुरतात. शंभर खाती उघडणारा महिन्याभरात कंटाळतो.

येथे एक चूक फार होते. ‘एमएच ०४ डिझेल’, ‘एमएच ०४ टोल’, ‘एमएच ०४ टायर’ अशी दर गाडीची दर खर्चाची वेगळी खाती लोक उघडतात. पाच गाड्या आणि दहा खर्च म्हणजे पन्नास खाती. याची गरज नाही. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये दुसरी सोय आहे, ती पुढे सांगतो.

गाडी म्हणजे कॉस्ट सेंटर

टॅलीत एफ-११ दाबून कंपनीच्या सोयींमध्ये कॉस्ट सेंटर सुरू करावे. मग प्रत्येक गाडीचे एक कॉस्ट सेंटर तयार करावे. नाव म्हणून नंबर प्लेटचे शेवटचे चार आकडे पुरेत. आता डिझेलचे खाते एकच, पण नोंद करताना सॉफ्टवेअर विचारते की ही रक्कम कोणत्या गाडीची? एका बिलात दोन गाड्यांचे डिझेल असेल तर रक्कम तेथेच वाटून टाकता येते. भाड्याच्या उत्पन्नालाही हाच प्रश्न विचारला जातो. महिनाअखेरीस कॉस्ट सेंटरचा अहवाल काढला की दर गाडीचे उत्पन्न आणि खर्च समोर येतात.

सर्व गाड्यांचे सामाईक खर्च असतात, त्यांसाठी ‘कार्यालय’ नावाचे एक कॉस्ट सेंटर ठेवावे. ते जबरदस्तीने गाड्यांवर वाटण्याची घाई करू नये.

त्याबरोबर प्रत्येक फेरीला एक क्रमांक द्यावा आणि तो क्रमांक फेरीच्या कागदावर, उचलीच्या व्हाउचरवर, डिझेलच्या पावतीवर व बिलावर सारखाच लिहावा. फेरीच्या कागदावर निघताना व परतताना मीटरचे किलोमीटर आणि भरलेले लिटर यांची नोंद हवीच. एखाद्या गाडीचे ॲव्हरेज चारवरून साडेतीनवर आले तर इंजिन बिघडले, टायरमध्ये हवा कमी आहे, माल जादा भरला जातो की डिझेल कोठे मुरते, याचा शोध त्याच महिन्यात घेता येतो.

ड्रायव्हरची उचल हा खर्च नव्हे

फेरीला निघताना ड्रायव्हरला रस्त्याच्या खर्चासाठी दिलेली रक्कम लोक सरळ खर्चात लिहितात. हे बरोबर नाही. ती रक्कम त्याच्या हातातील अमानत आहे. प्रत्येक ड्रायव्हरचे खाते लोन्स अँड ॲडव्हान्सेस या गटात उघडावे आणि उचल त्याच्या नावे टाकावी. तो परतला की डिझेल, खुराकी, हमाली, पंक्चर यांचा कागद घेऊन जर्नल नोंदीने ते खर्च लिहावेत आणि त्याचे खाते तितके जमा करावे. उरलेली रक्कम त्याने परत करावी. जादा खर्च झाला असेल तर मालकाने त्याच दिवशी द्यावा.

फेरीअखेर त्याच्या खात्याचा उतारा छापून त्यावर त्याची सही घ्यावी आणि एक प्रत त्याला द्यावी. ज्या मालकाकडे कागद नाही त्याच्याकडे संशय असतो, आणि संशयाचा बळी बहुधा प्रामाणिक ड्रायव्हरच ठरतो. पावती मिळत नाही असा काही खर्च रस्त्यावर होतोच. त्यासाठी फेरीमागे एक रक्कम आधी ठरवावी आणि त्यावर रोज उठून वाद घालू नये. पगाराचे खाते मात्र उचलीपासून वेगळे ठेवावे. मजुरी वेळेवर देण्याची आमच्या पैगंबर साहेबांची (स.) ताकीद आहे; उचलीच्या वादात पगार अडकवून ठेवणे हा हिशेब नव्हे, जुलूम होय.

फास्टॅग, डिझेल आणि हप्ता

फेब्रुवारी २०२१ पासून टोलसाठी फास्टॅग सक्तीचा झाला. त्याचा हिशेबाला मोठा फायदा आहे, कारण कोणत्या नाक्यावर केव्हा किती रक्कम कापली याचे विवरण मिळते. पण फास्टॅगमध्ये भरलेले पैसे हा टोलचा खर्च नव्हे. फास्टॅग हे रोकडीसारखे खाते समजावे. रिचार्ज म्हणजे बँकेतून फास्टॅगमध्ये गेलेली रक्कम, तिची नोंद कॉन्ट्राने (एफ-४) करावी. खर्च लिहावा तो विवरणातील टोलचा, गाडीनिहाय. हे विवरण ड्रायव्हरच्या फेरीच्या कागदाशी ताडून पाहावे. गाडी सांगितलेल्या रस्त्यानेच गेली की नाही, हेही त्यावरून समजते.

पंपावर उधारीने डिझेल घेत असल्यास पंपवाल्याचे खाते सन्ड्री क्रेडिटर्समध्ये असते. प्रत्येक चिठ्ठी त्याच दिवशी जमा करावी. पंधरा दिवसांनी त्याचे बिल आले की आपले खाते आणि त्याचे बिल समोरासमोर ठेवावे. पैसे दिल्यावर खर्च लिहिण्याच्या सवयीने मागच्या महिन्याचे डिझेल या महिन्याच्या नफ्यातून कापले जाते आणि दोन्ही महिने खोटे बोलतात.

कर्जाचा हप्ता सगळाच्या सगळा खर्चात टाकणे हीदेखील नेहमीची चूक. हप्त्यात मुद्दल आणि व्याज असे दोन भाग असतात. कर्ज देणाऱ्याकडून परतफेडीचा तक्ता मागून घ्यावा, मुद्दल कर्जाच्या खात्यातून वजा करावे आणि व्याज वेगळ्या खात्यात लिहावे. व्याजाविषयी शरीयतचा हुकूम वाचकांना माहीत आहे. पुष्कळ बांधव नाइलाजाने त्यात अडकलेले आहेत. पण हप्त्याच्या एका आकड्यात व्याज झाकून टाकल्याने ते नाहीसे होत नाही. वर्षाला किती रक्कम व्याजात जाते हे वेगळ्या ओळीत डोळ्यांसमोर आले म्हणजे पुढची गाडी साठविलेल्या पैशांतून किंवा भागीदारीत घेण्याचा विचार माणूस करू लागतो. बँकेच्या बचत खात्यावर आलेले व्याजही नफ्यात न मिसळता वेगळे ठेवावे.

विमा, रस्ता कर, फिटनेस, परमिट हे खर्च वर्षातून एकदा येतात. त्यांचा बारावा भाग दरमहा जर्नल नोंदीने गाडीवर टाकावा. टायरचेही असेच. टायर बदलण्याच्या महिन्यात तोटा आणि इतर महिन्यांत नफा, असा हिशेब मालकाला फसवितो.

बिल्टी, येणे आणि कर

पार्टीच्या खात्यात बिलवार नोंद सुरू करावी. मग कोणते बिल किती दिवसांपासून थकले आहे याची यादी एका कळीवर मिळते. ‘पेड’ बिल्टीचे भाडे पाठविणाऱ्याकडून, ‘टू-पे’चे माल घेणाऱ्याकडून येते; नोंद करतानाच योग्य पार्टी निवडावी. मालाची पोच सहीसह परत आल्याशिवाय आम्ही व्यापारी बिल मंजूर करीत नाही, हे वाहतूकदारांनी ध्यानात ठेवावे. पोच हरवली तर भाडे अडकते. तूट किंवा माल भिजल्याबद्दल पार्टीने कापलेली रक्कम भाड्यातून गुपचूप वजा न करता ‘तूट व नुकसान’ या वेगळ्या खात्यात लिहावी. कोणत्या मार्गावर आणि कोणत्या गाडीत नुकसान होते, ते वर्षअखेरीस कळते.

जीएसटीबाबत थोडक्यात असे. जो बिल्टी काढतो तो कायद्याने माल वाहतूक एजन्सी ठरतो. आपली गाडी अशा एजन्सीला भाड्याने देणाऱ्या मालकाच्या भाड्यावर जीएसटी नाही. एजन्सीच्या भाड्यावर ५ टक्के कर असून तो सामान्यतः नोंदणी असलेला व्यापारी ग्राहकच भरतो. यास रिव्हर्स चार्ज म्हणतात. एजन्सीला स्वतः कर आकारण्याचाही पर्याय आहे : खरेदीवरील कराची वजावट न घेता ५ टक्के किंवा वजावट घेऊन १८ टक्के. हा दुसरा दर २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी १२ टक्के होता. आपण कोणत्या प्रकारात बसतो हे लेखापालाकडून ठरवून घेऊनच बिलाचा नमुना सॉफ्टवेअरमध्ये बसवावा.

दहा किंवा त्याहून कमी गाड्या असलेल्या मालकाने भाडे देणाऱ्या व्यापाऱ्याला पॅनसह लेखी जाहीरनामा दिल्यास भाड्यातून टीडीएस कापला जात नाही. रोखीबाबतही एक नियम आहे. भाड्यापोटी एका दिवसात एका व्यक्तीला ३५,००० रुपयांपेक्षा अधिक रोख दिल्यास देणाऱ्याचा तो खर्च आयकरात मान्य होत नाही; इतर खर्चांना ही मर्यादा १०,००० रुपये आहे. म्हणून व्यापारी बँकेतून पैसे देऊ म्हणतो तेव्हा तो आडमुठेपणा करीत नसतो.

एका फेरीचा नफा, एका महिन्याचा नफा

आता एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. भिवंडीहून सुरतेला गाडी गेली, भाडे २२,००० रुपये. परतीचे भाडे १२,०००. एकूण ३४,०००. येऊन-जाऊन ५२० किलोमीटर, ॲव्हरेज ४, म्हणजे १३० लिटर डिझेल. ९० रुपयांनी ११,७०० रुपये. टोल ३,०००, खुराकी व भत्ता २,५००, हमाली १,८००, दलाली १,०००. एकूण खर्च २०,०००. हातात उरले १४,०००. मालक खूश.

अशा आठ फेऱ्या महिन्यात झाल्या तर १,१२,००० रुपये उरतात. आता जे फेरीत दिसत नाहीत ते खर्च पाहा. ड्रायव्हर-क्लीनरचा पगार २८,०००, कर्जाचे व्याज १४,०००, विमा-कर-फिटनेसचा बारावा भाग ७,०००, टायर १२,०००, दुरुस्ती ९,०००, घसारा २५,०००. बेरीज ९५,०००. खरा नफा १७,००० रुपये, म्हणजे फेरीमागे १४,००० नव्हे तर २,१२५ रुपये. आठपैकी दोन फेऱ्यांत परतीचा माल मिळाला नाही तर २४,००० रुपये गेले. हमाली-दलालीची थोडी बचत धरली तरी महिन्याचा सारा नफा पुसला जातो.

यातील घसारा पुष्कळांना पटत नाही. पैसे तर खिशातून जात नाहीत, असे ते म्हणतात. खिशातून जात नाहीत, गाडीतून जातात. पाच-सात वर्षांनी नवी गाडी घेण्याची वेळ येते तेव्हा कळते की आपण नफा समजून गाडीच खाल्ली.

आता तीन गाड्यांचा विचार करा. एकत्र नफा महिन्याला ४०,००० रुपये दिसतो, घर समाधानी आहे. गाडीनिहाय अहवाल काढला तर पहिली ३१,००० कमावते, दुसरी १७,००० आणि तिसरी ८,००० रुपये तोट्यात आहे. तिसरी गाडी दुसऱ्या मार्गावर लावावी, दुरुस्त करावी की विकावी, हा निर्णय या अहवालाशिवाय घेताच येत नाही. संगणकाचा सारा खटाटोप या एका कागदासाठी आहे.

भागीदारी, जकात आणि वारसा

आमच्या घरांत गाडी एका भावाच्या नावावर आणि पैसा तिघांचा, असा प्रकार सर्रास चालतो. आरसी पुस्तकावर एकच नाव येते, पण भांडवलाची खाती तीन असू शकतात. कोणी किती रक्कम घातली, कोण गाडीवर राबतो आणि त्याला पगार किती, नफ्याची वाटणी कशी, हे आधी कागदावर ठरवून दर भावाचे भांडवल खाते उघडावे. जो भाऊ घरखर्चाला रक्कम घेतो त्याच्या ड्रॉइंग्जमध्ये ती जावी. भाऊबंदकी वाईट मनातून जितकी जन्मते, त्याहून अधिक न लिहिलेल्या रकमांतून जन्मते.

जकातीसाठीही हा हिशेब कामी येतो. उलेमांच्या सर्वसाधारण मतानुसार भाड्याने चालविण्यासाठी ठेवलेली गाडी हे कमाईचे साधन होय. तिच्या किमतीवर जकात नाही. परंतु तिच्या कमाईतून शिलकीत राहिलेली रोकड, बँकेतील रक्कम आणि वसूल होण्याजोगे येणे यांचा हिशेब होतो, आणि निसाब पूर्ण असल्यास अडीच टक्के निघतात. कोणते देणे वजा करावे हे आपल्या मुफ्ती साहेबांना विचारावे. अडचण अशी की आर्थिक वर्ष ३६५ दिवसांचे आणि चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे. ३१ मार्चचा ताळेबंद जकातीला उपयोगी पडत नाही. सॉफ्टवेअरमध्ये कोणत्याही तारखेचा ताळेबंद काढता येतो. पहिल्या रमजानला जकात काढणाऱ्याने त्या दिवसाची इंग्रजी तारीख घालावी, शिलकीचा आणि येण्याचा आकडा मिळतो. अंदाजाने चार नोटा वाटून टाकण्याची गरज राहत नाही.

आणि शेवटी वारसा. माणसाचा इंतकाल झाला की दफनाच्या खर्चानंतर प्रथम त्याचे कर्ज फेडले जाते; त्यात पत्नीची न दिलेली मेहरही आली. मग एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसियत, आणि त्यानंतरच वारसांत वाटणी. ज्या मालकाचा हिशेब डोक्यात होता त्याचे घर या पहिल्या पायरीवरच अडखळते. देणेकरी दारात येतात, खरा कोण आणि खोटा कोण हे कळत नाही. येणे असलेल्या पार्ट्या गप्प बसतात. अनाथ मुलांचा हक्क बुडतो आणि मय्यतीच्या मानेवर कर्ज राहते. पंचवीस खात्यांची एक साधी संगणकी वही हे सारे टाळू शकते.

हिशेब जपावा कसा?

रोज संध्याकाळी रोकड मोजून ती टॅलीतील रोकडीशी जुळवावी. आठवड्याला ड्रायव्हरांची खाती, महिन्याला बँकेचे विवरण, पंपवाल्याचे बिल आणि थकलेल्या भाड्याची यादी तपासावी. नोंद करणाऱ्या मुलाला वेगळा पासवर्ड द्यावा, मालकाचा वेगळा असावा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना नोंदीतील प्रत्येक बदलाची खूण राहील असेच सॉफ्टवेअर वापरण्याची सक्ती झाली आहे. एकट्या मालकाला ती सक्ती नाही, तरीही एडिट लॉगची ही सोय सुरू ठेवावी. जुनी नोंद कोणी, केव्हा बदलली हे त्यात दिसते.

दर आठवड्याला बॅकअप घ्यावा. एक प्रत संगणकापासून दूर, दुसऱ्या घरात असावी. संगणक कसा उघडावा आणि बॅकअप कोठे आहे हे घरातील आणखी एका व्यक्तीला, शक्य असल्यास पत्नीला किंवा मुलीला, शिकवून ठेवावे. आज आमच्या मुली वाणिज्य शाखेत शिकत आहेत. हे काम त्या घरबसल्या उत्तम करू शकतात.

पहिला महिना जुनी वही आणि संगणक दोन्ही चालवावे. महिनाअखेर दोन्हींतील शिल्लक जुळली की जुनी वही बंद करून कपाटात ठेवावी, फेकू नये. पाच गाड्यांच्या हिशेबाला रोज अर्धा तास पुरतो. ज्या धंद्यात माणूस अठरा-अठरा तास रस्त्यावर असतो, त्या धंद्याने हा अर्धा तास आपल्या हक्कदारांसाठी काढावा, एवढीच आमची विनंती आहे. अल्लाह सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.